फेज गेला, बिल आलं

मराठी माणूस विजेचं बिल शेवटून वाचतो. आधी देयकाची रक्कम, मग भरायची शेवटची तारीख, मग "अरे देवा". एवढं झालं की बिल फ्रिजवरच्या चुंबकाखाली जातं आणि पुढचं येईपर्यंत तिथंच फडफडत राहतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हा मधला सगळा मजकूर लग्नपत्रिकेतल्या "आमचे येथे श्रीकृपेकरून"सारखा. तो असावा लागतो, वाचावा लागत नाही.

थ्री फेजवाल्या घरात मात्र बिल वाचलं जातं. नुसतं वाचलं जात नाही, त्याच्यावर खटला चालतो, आणि आरोपी आधीच ठरलेला असतो. रक्कम दोन हजारांची असो नाहीतर साडेसात हजारांची, जेवताना कुणीतरी म्हणतंच, "मी केव्हाचा सांगतोय, हे थ्री फेज काढून टाका." गंमत अशी की हाच माणूस चारचौघांत बसला की "आमच्याकडे थ्री फेज आहे" हे वाक्य अशा बेताने सोडतो की ऐकणाऱ्याला बंगला, दोन एसी आणि बोअरला बारमाही पाणी एवढं सगळं आपोआप ऐकू यावं. आमच्या सांगलीत लग्नं जुळवणाऱ्या एका बाईंनी स्थळाची माहिती देताना "मुलगा इंजिनिअर, विश्रामबागेत स्वतःचं घर, थ्री फेज" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. मुलीच्या वडिलांनी पुढे पत्रिका मागितली. माझ्या मते त्यांनी मे महिन्याचं बिल मागायला हवं होतं.

थ्री फेजच्या खर्चाबद्दल जनतेत दोन पंथ आहेत. पहिला "मीटर पळतो" पंथ. यांच्या मते सिंगल फेजचा मीटर चालतो आणि थ्री फेजचा पळतो, कारण वीज तीन वायरींनी येते, म्हणजे तिप्पट येते, म्हणजे बिल तिप्पट. या पंथात आमची आई आहे. दुसरा पंथ "लोड वाटला जातो" वाल्यांचा. एकट्या फेजवर सगळा भार टाकला की तो बिचारा दमतो आणि जास्त वीज खातो, तिघांत वाटून दिला की सगळे निवांत राहतात आणि बिल उतरतं, असं त्यांचं म्हणणं. या पंथाचे अध्वर्यू शेजारचे निवृत्त मास्तर. दोघांची आमच्या व्हरांड्यात गाठ पडते तेव्हा मी पंखा दोनवर करून आत जातो.

खरं काय ते आमच्या वायरमनमामांनी वायर सोलता सोलता सांगून टाकलं होतं. "ओ, गिझर दोन हजार वॅटचा हाय. तो कुठल्या बी फेजवर लावा, तासाला दोन युनिटच खाणार. त्याला काय कळतंय आपण लाल वायरीवर हाय का निळ्या?" विजेच्या शास्त्रातलं एवढं नेमकं वाक्य मला कुठल्याही क्लासात मिळालं नव्हतं. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. थ्री फेजचा मीटर तिन्ही वायरींतला वापर मोजतो आणि बेरीज करतो. गुणाकार करत नाही, त्यामुळे आईचा पंथ बाद. भागाकारही करत नाही, त्यामुळे मास्तरांचाही बाद. भार वाटला की वायरी कमी तापतात हे खरं, पण त्यात वाचणारी वीज बिलात शोधायला मास्तरांना चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागेल.

मग थ्री फेजचे म्हणून वेगळे पैसे कशाचे? स्थिर आकाराचे. पंखा लावा, लावू नका, महिनाभर काशीयात्रेला जा, हा आकार आपल्या जागेवर स्थिर. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात घरगुती सिंगल फेजला तो महिना 128 रुपये होता आणि थ्री फेजला 424. फरक 296 रुपयांचा. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. शुल्क विजेवर असतं असा आपला भाबडा समज असतो. ते स्थिर आकारावरही असतं. एकूण 343 रुपये आणि वर काही पैसे. वर्षाचे चार हजार एकशे वीस. मंजूर भार दहा किलोवॅटच्या वर गेला तर पुढच्या प्रत्येक दहाला आणखी स्थिर आकार लागतो, पण तेवढा भार असणारी माणसं असले लेख वाचत नाहीत, त्यांचे सीए वाचतात.

म्हणजे साडेसात हजारांच्या बिलात बदनाम थ्री फेजचा जादा वाटा साडेतीनशे रुपयांचासुद्धा नाही. उरलेल्या सात हजारांना जबाबदार कोण, या प्रश्नाकडे आमच्या घरात कुणी वळत नाही, कारण वळलं की समोर आरसा येतो.

आमच्याकडे थ्री फेज आणलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात. तेव्हा घरात मोठं म्हणावं असं उपकरण एकच होतं, इस्त्री. पण संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूब नुसती डोळे मिचकावत राहायची आणि कुणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवत बसायचं. अण्णांचं तत्त्वज्ञान साधं होतं: एक गेला तर दोन राहतात. याच तत्त्वाने त्यांच्याकडे तीन छत्र्या, दोन सायकली आणि आणीबाणीसाठी रॉकेलचा एक कंदील कायम भरलेला असे. ते "बोर्डात" गेले, अर्ज केला, आणि व्हरांड्यात लाल, पिवळा, निळा असे तीन छोटे दिवे असलेली लाकडी फळी लागली. (त्या बोर्डाच्या, म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या, 2005 च्या जूनमध्ये चार कंपन्या झाल्या. आई अजूनही "बोर्डाचा माणूस आलाय" असंच म्हणते, आणि मीटर वाचायला येणारा कंत्राटी पोरगाही "हो आज्जी" म्हणतो.) कॉलनीतली मुलं ते दिवे बघायला येत. तिन्ही एकदम लागलेले बघायला मिळणं हे तेव्हा पंढरपुरात एकादशीला दर्शन मिळण्याइतकंच अवघड होतं.

आता तीन फेज घरात आले की त्यांची वाटणी करावी लागते, आणि वाटणी म्हटली की मराठी घर जागं होतं. लाल फेजवर स्वयंपाकघर, देवघर आणि फ्रिज. लाल फेज सगळ्यात गुणाचा, तो सहसा जात नाही, असं आईचं मत आहे. या मताला कुठलाही आधार नाही, पण चाळीस वर्षं ते टिकून आहे. पिवळ्यावर आमची झोपायची खोली, तिथला एसी आणि न्हाणीघरातला गिझर. निळ्यावर दिवाणखाना, टीव्ही आणि वरची मुलाची खोली. सीमावाद म्हणाल तर बोळातल्या दिव्याचा. त्याचं बटण आईच्या हद्दीत, पण वायर पिवळ्यावर. पिवळा गेला की आई देवघरात लख्ख उजेडात बसलेली असते आणि बोळात ठेचकाळणाऱ्या सुनेला "अगं, दिवा लाव ना" म्हणते.

थ्री फेजच्या घरात वीज कधी पूर्ण जात नाही आणि कधी पूर्ण असत नाही. सिंगल फेजवाल्यांचं बरं असतं. गेली तर गेली, मेणबत्ती लावली, गच्चीवर गेले. आमच्याकडे निळा गेला की दिवाणखान्यात अंधार आणि संडासात झगझगाट. टीव्ही बंद, पण त्याचा आवाज वाढवायचा साउंडबार कुणीतरी स्वयंपाकघरातून वायर ओढून लावलेला, म्हणून तो चालू. वायफायचा डबा पिवळ्यावर जिवंत, पण मुलाचा संगणक निळ्यावर मेलेला. मग एक्स्टेन्शन बोर्डांची शोधाशोध सुरू होते. बोळातून, दाराच्या फटीतून, आईच्या पायात अडकत एक पांढरी वायर लालवरून निळ्याच्या मुलखात शिरते. वायरमनमामांना हे दिसलं की ते डोक्याला हात लावतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये 400. एका खोलीत दोन फेज आणून एका वायरीची साल उसवली, तर साधा झटका बसण्याऐवजी मोठा बसतो. एका खोलीत एकच फेज, हा नियम उगाच केलेला नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून घरोघरी चेंजओव्हर आले. फळीवर एक काळी मूठ असते. ती "टक्" करून फिरवली की गेलेल्या फेजवरच्या खोल्या जिवंत फेजवर जातात. शोध उत्तम आहे. अडचण एवढीच की तो कॉलनीतल्या सगळ्यांकडे आहे.

उन्हाळ्यातली रात्र, साडेआठ वाजलेले. पिवळा जातो. घरोघरी "टक्". निम्मी कॉलनी लालवर, निम्मी निळ्यावर. दहा मिनिटांनी निळाही जातो. पुन्हा घरोघरी "टक्". आता एकट्या लालवर कॉलनीतले सगळे एसी, सगळे कुकटॉप, अपार्टमेंटची सगळी गिऱ्हाइकं. बल्ब असता तर लाल पडला असता; एलईडी आहेत म्हणून ते लुकलुकतात. पंखा एवढा हळू फिरतो की पाती मोजता येतात. एसीचा कॉम्प्रेसर घोगऱ्या आवाजात एकदा "घुर्र" करतो आणि गप्प बसतो. मास्तरांच्या घरातून हाक येते, "व्होल्टेज आहे का हो तुमच्याकडे?" त्याला उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यावरच्या डीपीत "फाट्" असा आवाज येतो, एक निळसर ठिणगी पडते, आणि आईचा गुणी लाल फेज सगळ्यांना सोडून जातो.

मग कॉलनी रस्त्यावर येते. मोबाइलचे टॉर्च एकमेकांच्या डोळ्यांत मारत प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतो, "तुमच्याकडे आहे?" समोर त्याच्याच घरात मिट्ट काळोख दिसत असतो, तरी विचारायचं. "कुठल्या फेजवर आहात तुम्ही?" हा दुसरा प्रश्न. एरवी एकमेकांची आडनावं माहीत नसलेली माणसं एकमेकांचे फेज विचारतात आणि "मीही पिवळ्यावर" असं निघालं की नात्यातलं माणूस भेटल्यासारखी जवळ सरकतात. कुणीतरी तक्रार नोंदवतो, कुणीतरी ओळखीच्या लाइनमनला फोन लावतो. तो येतो मोटारसायकलवर, मागे शिडी आडवी बांधून. डीपीचं झाकण उघडतो, पोर्सेलीनचं फ्यूज ओढून काढतो, जळक्या तारेचा तुकडा नखाने खरवडतो, खिशातल्या गुंडाळीतून नवी तार काढून दोन वेढे देतो. टॉर्च धरायला सात माणसं, सल्ला द्यायला बारा. "जरा जाड तार टाका हो, परत उडायला नको," असं मास्तर सुचवतात. लाइनमन वर न बघता म्हणतो, "जाड टाकतो की. मग फ्यूज ऱ्हाईल, ट्रान्सफॉर्मर जाईल." मास्तर टॉर्च दुसऱ्याच्या हातात देतात.

तीन फेजची ही व्यवस्था मुळात आपल्यासाठी झालेलीच नाही, हे कुणी मनावर घेत नाही. ती झाली मोटारींसाठी. तीन तारांतली वीज एकमेकींच्या मागोमाग, एकतृतीयांश फेऱ्याच्या अंतराने येते. त्यामुळे मोटारीत चुंबकत्व आपोआप गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. 1891 साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत 175 किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन दाखवली, तेव्हापासून जगाने हीच पद्धत उचलली. आपल्याकडे 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं तेही मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. गिरणीला थ्री फेज, पिठाच्या चक्कीला थ्री फेज, उसाच्या पंपाला थ्री फेज. आमच्या गावाकडच्या भावकीत "आज थ्री फेज किती वाजता?" हा प्रश्न पाऊस कधी, या प्रश्नाइतकाच पोटाचा आहे. रात्री दोनला येते, म्हणून रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जाणारी माणसं आहेत ती. त्यांना मी "आमच्या एसीचा फेज गेला" असं सांगत नाही.

मोटारीची एक खोड मात्र शहरातल्यांनीही ध्यानात ठेवावी. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की थ्री फेज मोटार उलटी फिरते. शेजारच्या अपार्टमेंटच्या पंपाचं एकदा असंच झालं. दिवसभर केबलचं काम चाललं होतं, संध्याकाळी वीज आली, पंप सुरू केला, आवाज झकास, मीटर सुरू, आणि वरच्या टाकीत थेंब नाही. सेक्रेटरींनी आधी बोअर आटला असं जाहीर केलं. मग फूटव्हॉल्व्ह गेला असं ठरलं. प्लंबर आला, त्याने पाइप उघडला, पाइप चांगला निघाला, म्हणून त्याचे पैसे द्यावे लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना तर पंप अधूनमधून पाणी खाली ओढतोय असा संशय आला. शेवटी वायरमनमामा आले. त्यांनी पंख्याच्या जाळीतून पाहिलं, स्टार्टरचे दोन स्क्रू सैल केले, लाल आणि पिवळी वायर आपापसात बदलली. पाणी चढलं. प्लंबरचे सातशे, मामांचे शंभर. मामा पैसे खिशात घालत म्हणाले, "लिफ्टची बी बघतो, न्हाईतर वरचं बटण दाबाल आन् खाली जाल." लिफ्टला असली चूक पकडणारं यंत्र असतं, त्यामुळे ती नुसती बंद पडून राहिली होती. लिफ्ट बिघडली म्हणून कंपनीच्या माणसाला आधीच फोन झालेला होता. तो दुसऱ्या दिवशी आला आणि चालू लिफ्ट तपासल्याचे पैसे घेऊन गेला.

असो. सात हजारांकडे वळू.

खरा खेळ फेजचा नाही, टप्प्यांचा आहे. 2024-25 च्या त्याच दरपत्रकात पहिली 100 युनिटं प्रत्येकी 4 रुपये 71 पैशांना. 101 ते 300 पर्यंत 10 रुपये 29 पैसे. 301 ते 500 पर्यंत 14 रुपये 55 पैसे. त्यापुढे 16 रुपये 64 पैसे. शिवाय प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार, आणि या सगळ्यावर 16 टक्के शुल्क. इंधन समायोजन वरखाली होत राहतं, ते सोडून देऊ. हिशोब मांडला की पहिल्या शंभरातलं युनिट पडतं 6 रुपये 82 पैशांना, तीनशेच्या पुढचं 18 रुपये 24 पैशांना आणि पाचशेच्या पुढचं 20 रुपये 66 पैशांना. वीज तीच, वायर तीच, पंखा तोच, नुसती तारीख पुढची.

याच दरांनी थ्री फेजच्या घरात 300 युनिटं जळली तर बिल 3,833 रुपये. 500 जळली तर 7,480. म्हणजे पहिल्या तीनशे युनिटांना, स्थिर आकार धरून, जेवढे पैसे लागले जवळजवळ तेवढेच शेवटच्या दोनशेला. ही शेवटची दोनशे कोण खातं? दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला की सहा-सात युनिटं होतात. सात धरा, तीस रात्री धरा. आली दोनशे दहा. तीनशेच्या पुढच्या दराने एका रात्रीच्या झोपेचे सव्वाशे रुपये होतात. पहाटे जाग आली की मी हा हिशोब करतो आणि उरलेल्या दोन तासांचे तीसेक रुपये वाया जातात.

पण काटकसर करायची म्हटली की आमच्या घराचं लक्ष एसीकडे जात नाही. ते जातं मोबाइलच्या चार्जरकडे. नुसता भिंतीत अडकवून ठेवलेला चार्जर वर्षभरात एखाद-दोन युनिटं खातो. त्यावरून आमच्याकडे वर्षभर भांडण चालतं. देवघरातला तांबडा छोटा दिवा, सेटटॉप बॉक्सचा हिरवा ठिपका, गेटवरचा नऊ वॅटचा एलईडी, यांच्यावर करडी नजर. गिझर मात्र सकाळी सहाला पहिल्या आंघोळीला लागतो आणि नऊला शेवटचा माणूस बाहेर पडतो तेव्हा "अरे, कुणी बंद नाही केला?" अशी चौकशी होते. एसीला कुणी काही बोलत नाही. तो पाहुण्यांच्या देखत हप्ते भरून घेतलेला आहे. 2020 पासून देशात विकले जाणारे एसी सुरू करताना 24 अंशांवर लागतात असा केंद्राचा नियम आहे, आणि प्रत्येक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आमच्या मुलाचा पहिला रिमोट-व्यवहार म्हणजे तो 24 चा आकडा खाली आणणं. तो 18 ला थांबतो, कारण त्याखाली रिमोट जात नाही. "लवकर गार होतं," असं त्याचं म्हणणं. होत नाही. एसी आपल्या वेगानेच गार करतो, फक्त नंतर थांबत नाही. हे त्याला सांगून झालं आहे. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला पटत नाही.

मे महिन्यात आणखी एक कागद येतो. तो बिल नसतो, पण बिलाच्याच कपड्यांत असतो: अतिरिक्त सुरक्षा ठेव. वर्षभराचा सरासरी वापर वाढला की ठेवही वाढवावी लागते, आणि 2021 च्या नियमांनंतर ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी धरतात. त्यावर व्याज मिळतं, कनेक्शन बंद केलं तर परतही मिळते. आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वीज जास्त वापरली म्हणून बिल जास्त, आणि बिल जास्त आलं म्हणून ठेव जास्त. आणि हे सगळं त्या थ्री फेजमुळे." तिच्या तर्कातली पहिली दोन विधानं बिनचूक होती.

कॉलनीतल्या एका डॉक्टरांनी या सगळ्यावर सूर्याकडे दाद मागितली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनलला 78 हजारांचं अनुदान मिळतं. गच्चीवर पॅनल लागले, नेट मीटर लागला, आणि पहिल्या चांगल्या उन्हाच्या महिन्यात वापर शून्य युनिट आला. डॉक्टर बिल घेऊन कॉलनीभर फिरले. बिलाची रक्कम मात्र पाचशेच्या घरात होती. कारण थ्री फेजचा स्थिर आकार तेव्हा 424, त्यावर 16 टक्के. सूर्य वीज देतो, स्थिर आकार भरत नाही. हे कळल्यापासून डॉक्टर ते बिल दाखवतात तेव्हा रकमेवर अंगठा ठेवतात.

मी हे सगळं गणित एका रविवारी वायरमनमामांना दाखवलं. त्यांनी बिल उलटंसुलटं करून एकाच रकान्यावर बोट ठेवलं: मंजूर भार, 5 किलोवॅट. "एवढा लोड सिंगल फेजवर आरामात बसतोय की. एक एसी, एक गिझर. दोन्ही एकदम लावू नका म्हंजे झालं. कशाला साडेतीनशे रुपये घालताय महिन्याला?" तुमच्या घरी दोन-तीन एसी असतील, वर भाडेकरू असेल, थ्री फेजची मोटार असेल, तर थ्री फेज ठेवा आणि त्याला शिव्या देणं बंद करा. नसेल, तर बिलावरचा तो रकाना बघा. तीनच दिवे लावायचे असतील तर त्याला तीन फेज लागत नाहीत.

घरात हे मांडलं तेव्हा चमत्कार झाला. आयुष्यभर थ्री फेजला बोल लावणारी आई म्हणाली, "लाल जायला नको हं पण." मुलाला वायफाय आणि संगणक एकाच फेजवर येणार याचा आनंद झाला. बायकोने बोळातल्या दिव्याचं काय, एवढंच विचारलं. मास्तरांनी कुंपणापलीकडून "भार वाटला जाणार नाही, बिल वाढेल बघा" असा इशारा दिला. तरीही ठराव मंजूर झाला, अर्ज आणला, भरला. ग्राहक क्रमांक लिहिला, पत्ता लिहिला, कारण म्हणून "गरज उरली नाही" असं लिहिलं. ग्राहकाच्या नावापुढे बिलावर आहे तेच नाव लिहिलं, अण्णांचं. मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे.

खाली "ग्राहकाची सही" असा रकाना आहे. ग्राहक 2009 साली वारले.